पॉवर टिलरची ट्रॉली आणि माझं मिग वेल्डिंग: येळ्ळूरच्या अंगणातल्या नोंदी

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

मामांच्या पॉवर टिलरची ट्रॉली अंगणात उलटी करून बघितली. चौकटीचे मागचे दोन्ही कोपरे गंजून पापुद्रे सुटलेत, पत्रा तर पायानं दाबला की आत जातो. धडधाकट एवढंच: एक्सल आणि ६.००-१६ ची दोन चाकं. नोव्हेंबरात भाताची कापणी लागायच्या आत नवी चौकट उभी करायची आहे.

आधीच सांगतो, वेल्डिंग माझा धंदा नाही. बेळगावच्या उद्यमबागला मशीन शॉपमध्ये सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) असतो. गेल्या वर्षी सिंगल फेजचं २०० अँपिअरचं मिग मशीन घेतलं (रॉडऐवजी बंदुकीतून वायर येत राहते आणि भोवतीचा गॅस हवा दूर ठेवतो), त्यावर आजवर दोन स्टूल, एक तुळशीची जाळी आणि कोंबड्यांचं खुराडं एवढंच केलंय. मामांनी तीस वर्षं रॉडनं वेल्डिंग केलं. त्यांचं मत पहिल्याच दिवशी मिळालं: "तुजी ती गॅसची बंदूक पत्र्याला ठीक हाय. चॅनेलला न्हाई चालायची."

माल: ७५ × ४० मिमीचं चॅनेल (इंग्रजी सी आकाराचं लोखंड) १२ मीटर, मीटरला सात किलोच्या आसपास, म्हणजे ८४ किलो. ३ मिमीचा ८ × ४ फुटी एक पत्रा, वजन ७० किलो. त्यातून ६ × ४ चा तळ निघतो आणि उरलेला २ × ४ चा तुकडा पुढच्या फळीला बरोबर बसतो. उभ्या खांबांना थोडा चौकोनी पाइप. टेम्पोभाड्यासकट १२,३५० रुपये.

६ ऑक्टोबर, रविवार

दिवस वाया. कारण दोन, दोन्ही माझी.

सरावाला चॅनेलच्या तुकड्यावर रन, म्हणजे वेल्डिंगची एक सलग रेघ, मारायला घेतला. (इंग्रजीत बीड म्हणतात, पण बेळगावात बीड म्हटलं की फौंड्रीतलं ओतीव लोखंड डोळ्यापुढं येतं, म्हणून मी रनच म्हणणार.) आवाज भजी तळल्यासारखा एकसारखा यायला हवा, तर फटाफट उडायला लागलं. दाणे चौफेर आणि रन उंच, अळीसारखा वर बसलेला. अर्धा तास व्होल्टेज आणि वायर स्पीडच्या खुंट्या पिळल्या. मग मशीनचं झाकण उघडलं. मागच्या वेळी गॅस नव्हता म्हणून मी बिनगॅसची, पोटात फ्लक्सची भुकटी भरलेली वायर लावली होती, तिला बंदूक मायनसवर लागते. आता साधी ०.८ मिमीची वायर आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅस, तिला बंदूक प्लसवर हवी. अदलाबदल केली आणि आवाज जागेवर आला.

दुसरं कारण वायर पुढं ढकलणारा रोलर. त्याच वेळचा दातेरी रोलर तसाच होता. तो साध्या वायरीला खरवडतो, ती भुकटी लायनरमध्ये (वायर बंदुकीपर्यंत नेणाऱ्या नळीत) जाते आणि वायर मध्येच अडकते. अडकली म्हणून मी दाबाचा स्क्रू आवळला. मग वायर पुढं जाईना आणि रोलरपाशी तिचं सुगरणीचं घरटं झालं. दोन मीटर वायर कापून टाकली, लायनर काढून हवेनं फुंकला, ०.८ च्या व्ही खाचेचा रोलर बसवला. दाबाचा अंदाज असा घेतला: बंदुकीतून वायर लाकडाच्या फळीवर सोडायची. ती वाकून पुढं येत राहिली तर दाब ठीक. रोलरवर घसरली तर थोडा वाढवायचा.

बंदुकीच्या तोंडाची एक टिप वितळून वायरीला चिकटली. ३० रुपये. पाच घेऊन ठेवा, एक घेऊ नका.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

काम बंद. मशीन, ग्राइंडर, व्हाइस, टिलर, सगळ्यांची पूजा. मिग मशीनवर झेंडूचा हार घातला होता तो संध्याकाळी आठवणीनं काढला. पाकळ्या मागच्या फॅनमध्ये गेल्या तर पुढच्या रविवारी पूजा माझी.

१३ ऑक्टोबर, रविवार

चौकट जमिनीवर मांडली. दोन लांबीची चॅनेलं, तीन आडवी. गुण्या लावून टाके मारले, कर्ण मोजले: दोन्हीकडं २१९९ मिमी. मामा नुसते बघत होते. काही बोलले नाहीत म्हणजे बरोबर असणार.

दुपारी वारं सुटलं. येळ्ळूरला राजहंसगडाकडून वारं आलं की अंगणात वाळत घातलेलं कापडसुद्धा टिकत नाही, तिथं गॅसचं काय. रनमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागली. मी काय केलं? गॅस वाढवला. मिनिटाला १२ लिटरवरून २२. भोकं आणखी वाढली. गॅस जोरात सोडला की तो नोझलबाहेर घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढून घेतो, हे नंतर कळलं. शेवटी तीन बाजूंनी ताडपत्री बांधली, गॅस परत १२ वर आणला, नोझलमधले चिकटलेले दाणे खरवडले. भोकं थांबली. भोकं पडलेले रन ग्राइंडरनं पूर्ण काढून परत मारले. वरून दुसरा रन ओढून भोकं बुजत नाहीत, ती नव्या रनमधून वर येतात.

गॅसचा हिशोब लिहून ठेवतो, मला कुणी सांगितला नव्हता. एका किलो सीओटूतून साधारण ५४० लिटर गॅस निघतो. १२ लिटरनं पाऊण तास आर्क (वायरीच्या टोकाशी जळणारी ठिणगी), २२ नं पंचवीस मिनिटंसुद्धा नाही. माझ्या लहान सिलिंडरमधला दीड किलो गॅस भोकं पाडण्यातच गेला.

आणि रेग्युलेटरवर बर्फ धरला. सलग मारलं की सीओटू रेग्युलेटर गारठवतो, मग गॅस कमी-जास्त यायला लागतो. हीटरवाला रेग्युलेटर १,९०० रुपयांना घेतला. आधीच घ्यायला हवा होता.

२० ऑक्टोबर, रविवार

चौकटीचे सहाही सांधे पूर्ण, प्रत्येकाला चार रन, एकूण चोवीस. उभे रन वरून खाली ओढले, कारण तसे ते देखणे येतात. नाण्यांची चळत आडवी करावी तसे. फोटो काढले. शॉपमधल्या वेल्डरला दाखवायला त्याच सेटिंगवर दोन तुकडे टी आकारात जोडून पिशवीत टाकले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर वेल्डिंग.

२१ ऑक्टोबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत तो तुकडा फॅब्रिकेशनच्या शेडमधल्या अण्णांना दिला. अण्णा बैलहोंगलकडचे, बोलणं निम्मं कन्नड निम्मं मराठी. वीस वर्षं मिगवर आहेत. त्यांनी तुकडा उलटसुलट केला, "चंद ऐत" म्हणाले, छान आहे. मी खूश. मग त्यांनी तो व्हाइसमध्ये धरला आणि मी रन मारला नव्हता त्या बाजूनं दोन पौंडी हातोडा घातला.

पहिल्या घावाला थोडा वाकला. दुसऱ्या घावाला रन अख्खाच्या अख्खा सुटून आला, केळीचं साल निघावं तसा. खालच्या पट्टीवर कारखान्यातून आलेला निळसर काळा थर जसाच्या तसा. त्यावर माझ्या ग्राइंडरचा एक ओरखडासुद्धा नाही, कारण मी तिथं ग्राइंडर फिरवलाच नव्हता.

अण्णांनी बोट ठेवलं. "ओळग होगिल्ल." आत गेलं नाही.

मग त्यांनी त्यांच्या मशीनवर तसाच तुकडा जोडून दिला. दिसायला माझ्यापेक्षा वाईट, थोडा चपटा, कडेला दाणे उडालेले. तो पाच घावांत पूर्ण आडवा झाला, पण सुटला नाही. माझ्या फोटोला शॉपच्या ग्रुपवर अकरा अंगठे आले होते. त्यातला एकही अंगठा व्हाइसमधला तुकडा बघून आलेला नव्हता.

२२ ते २५ ऑक्टोबर, रात्री

शोधाशोध. अण्णांनी तीन कारणं सांगितली, चौथं मला सापडलं.

पहिलं, काळा थर. पातळ पत्र्याला तो खपतो, चॅनेलला नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीनं पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासायचं. अर्थ क्लँपची जागासुद्धा.

दुसरं, वरून खाली. खाली येताना वितळलेला रस आर्कच्या पुढं धावतो, आर्क रसावरच जळत राहतो, खालच्या लोखंडापर्यंत पोचतच नाही. पत्र्याला हे वरदान, कारण भोक पडत नाही. चॅनेलला खालून वरच यायचं, दिसायला खडबडीत आलं तरी. आणि शक्य असेल तर चौकट फिरवून तो सांधा आडवा करून घ्यायचा, मग प्रश्नच मिटला.

तिसरं, एकच सेटिंग. या चॅनेलचं पोट (सी ची उभी पाठ) ५ मिमीच्या आत आहे आणि कड (सी चे दोन आडवे हात) ७ मिमीच्या वर. मी पोटावर जमलेलं सेटिंग कडेला वापरलं. पत्र्यासाठी मला ११५ अँपिअर पुरतात. कडेला १८० च्या खाली जाऊ नको, असं अण्णांचं म्हणणं.

चौथं कारण मला मल्टिमीटरनं दाखवलं. संध्याकाळी सातला आमच्या घरी काम बंद असताना २०५ व्होल्ट. आर्क चालू केला की मशीनच्या प्लगपाशी १७४. मशीनच्या पडद्यावर १८० चा आकडा मी लावलेला असतो, पण आत तेवढं पोचत नाही. यातले वीसएक व्होल्ट माझ्याच ३० मीटरच्या दीड स्क्वेअरच्या (तारेची जाडी, चौरस मिमीत) एक्स्टेन्शननं खाल्ले, तेही रिळावर गुंडाळलेलंच होतं. हात लावला तर कोमट नव्हे, गरम. ४ स्क्वेअरची केबल १५ मीटर घेतली. सकाळी साडेसहाला मोजलं: रिकामं २३२, आर्कवर २२१. तेव्हापासून चॅनेलचं वेल्डिंग फक्त सकाळी, कामावर जायच्या आधी. शेजाऱ्यांची माफी मागितली.

चोवीसही रन कापून काढले. चार रात्री, अकरा ग्राइंडिंग व्हील, सहा कटिंग व्हील. कापताना मुद्दाम बघत होतो: चोवीसातले सात ठीक होते, पोटावरचे. कडेचा एकही नाही. मामा कट्ट्यावर बसून तंबाखू मळत होते. "म्या काय म्हटलोतो?" एवढंच. उत्तर द्यायला माझ्याकडं काही नव्हतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

पहाटेपासून परत. आता प्रत्येक सेटिंगला आधी तुकडा, तुकड्याला व्हाइस, मग चौकट. सातवा तुकडा वाकला आणि टिकला, तेव्हा हात लावला.

पण ओघात एका बाजूचे सगळे रन सलग मारून टाकले. दुपारी कर्ण मोजले तर २१९९ आणि २२०६. शिवाय मागचा डावा कोपरा जमिनीपासून बोटभर वर. वेल्ड थंड होताना आकसतं आणि आपल्या बाजूला ओढतं, हे पाठ होतं, हातात नव्हतं. मधलं आडवं चॅनेल एका टोकाला कापलं, चौकट लोखंडी पट्ट्यांनी क्लँप केली, मग समोरासमोरचे कोपरे, एकदा वरचा एकदा खालचा रन असं फिरत फिरत मारलं. आता फरक २ मिमी. ट्रॉली आहे, घड्याळ नव्हे, सोडून दिलं.

मशीनवर ड्युटी ६० टक्के लिहिलंय. म्हणजे त्या अँपिअरला दहा मिनिटांत सहाच मिनिटं मारायचं. दोनदा पिवळा दिवा लागून बंद पडलं. बिघाड नव्हता, बंद झालं की चहा प्यावा.

२ नोव्हेंबर, पाडवा

ही नोंद आडवं पडून लिहितोय.

बाजूच्या कठड्याला मामांकडं जुना जीआय पाइप पडून होता. पैसे वाचतात म्हणून घेतला. टाके मारताना पांढरा धूर आणि पांढऱ्या कापसासारखी तुसं उडत होती. जस्ताचा मुलामा आहे हे माहीत असून दोन तास मारत बसलो, तेही ताडपत्रीच्या आत, कारण वारं होतं. जिभेवर गोडसर चव आली होती तिकडंही दुर्लक्ष. रात्री आठला हुडहुडी भरली, अंग ठणकायला लागलं, ताप. आईला वाटलं दिवाळीचं जागरण. डॉक्टरांनी काय काम केलं ते विचारलं आणि जस्ताच्या धुराचा ताप म्हणून सांगितलं. दिवसभरात उतरतो म्हणाले, पण परत तसं केलंस तर माझ्याकडं येऊ नकोस.

मामांचा उपाय: "दूध पी." त्यांच्या वेळचे सगळे वेल्डर पीत. दूध प्यायलो, चांगलं होतं, तापाला काही फरक पडला नाही.

उरलेल्या पाइपचा मुलामा सांध्यापासून दोन-दोन इंच घासून काढणार, तोही मास्क लावून, आणि ताडपत्रीची एक बाजू उघडी ठेवणार, डोकं धुराच्या बाजूला नाही. पुढच्या वेळी साधा काळा पाइप विकत. वाचले किती? ६०० रुपये. डॉक्टर आणि औषधं ४५०.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पुढचा दांडा, टिलरला जोडायचा हूक आणि एक्सलच्या बैठका मी केल्या नाहीत.

यावर घरात दोन दिवस वाद झाला. मामा म्हणाले रॉडनं मी मारतो, पण त्यांच्या डोळ्याला आता रेष नीट दिसत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. माझं सुधारलंय, पण हे सांधे सुटले तर ट्रॉली बारा पोत्यांसकट उतारावरून टिलरवाल्याच्या अंगावर येते. टिलर चालवणारे मामाच. म्हणून चौकट टेम्पोत घालून अण्णांच्या ओळखीच्या शेडला नेली. ३५० अँपिअरचं थ्री फेज मशीन, १.२ ची वायर, वेल्डिंग अण्णांचं. दांडा चॅनेलच्या पोटात एक हातभर आत घेतला आणि जोडावर पट्ट्या लावल्या. पट्टीच्या टोकाला चौकटीवर आडवा रन मारला नाही, टोकं निमुळती ठेवली. आडव्या रनपाशी चॅनेल पुढं चिरतं, अण्णांनी असे तुटलेले दांडे पाहिलेत. पाऊण तासाचं काम, १,२०० रुपये, टेम्पो ७००.

मामा शेडच्या दारात उभं राहून बघत होते. अण्णांचं झाल्यावर चष्मा काढून जवळ गेले, रनवरून अंगठा फिरवला. दोघांचं बोलणं निम्मं मला कळलं नाही. टेम्पोत बसताना मामा म्हणाले, "बंदूक वाईट न्हाई."

१० नोव्हेंबर, रविवार

पत्रा बसवला. अडचण नाही. सलग मारायचं नाही, बोटभर रन, वीतभर जागा, आणि समोरासमोर उड्या मारत. मध्ये थोडा फुगला, पायानं दाबला की टक् करतो. राहू दे.

फळी आणि खांब पण झाले. खांबांचे आठ सांधे संध्याकाळी मारले, कारण सोमवारी रंगवायचं होतं. नोंद करून ठेवतो: संध्याकाळी.

१७ नोव्हेंबर, रविवार

रंगाच्या आधी खालच्या सगळ्या सांध्यांवर मामांची जुनी युक्ती केली. सांध्यावर डिझेल चोळायचं, अर्ध्या तासानं कोरडं पुसायचं, वर खडूची भुकटी. चीर असेल तर आत शिरलेलं डिझेल खडूत वर येतं आणि काळपट रेघ दिसते. रेघ कुठंच नाही. अर्थात आत न गेलेलं वेल्डिंग याला सापडतंच असं नाही, वर तोंड उघडं असेल तरच दिसतं. त्याला व्हाइस आणि हातोडाच. रंगायच्या आधी डिझेल थिनरनं दोनदा पुसलं.

रेड ऑक्साइड एक हात, निळा दोन हात. मागं रिफ्लेक्टर.

खर्च, मशीन सोडून: माल १२,३५०, रेग्युलेटर १,९००, केबल २,१००, वायर आणि गॅस १,६५०, व्हीलं आणि टिपा ९८०, शेड आणि टेम्पो १,९००, रंग १,१५०, डॉक्टर ४५०. एकूण २२,४८०. तयार ट्रॉली यापेक्षा महाग पडली असती, पण सात रविवार आणि बाराएक रात्रींचा हिशोब मी धरलेला नाही. रेग्युलेटर आणि केबल पुढच्या कामालाही चालतील, असं मी आईला सांगितलंय. पुढचं काम कुठलं, असं तिनं विचारलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

शिवारातून तीन खेपा. पहिली सहा पोत्यांची, मग दहा, मग बारा. काळी माती अजून ओली, चाकं निम्मी रुतत होती, बांधावरून चढताना चौकट पिळवटते ते डोळ्यांनी दिसतं. घरी आल्यावर खाली लोळून प्रत्येक सांधा टॉर्चनं बघितला. दांडा ठीक, एक्सल ठीक, चौकटीचे सहाही सांधे ठीक.

मागच्या उजव्या खांबाच्या बुडाशी रंगाला केसाएवढी रेघ. नखानं रंग उडवला, रेघ खाली लोखंडातही आहे, रनच्या कडेनं सरळ. डिझेल-खडू केलं, काळं वर आलं. दहा तारखेचा, संध्याकाळचा.

मामांना सांगितलं. ते म्हणाले, आठही काप. उद्या सकाळी साडेसहाला ग्राइंडर लावतो. पोती उतरवून ठेवलीत.